मोलियागुलचं सोनं आणि गारगोटीतली वीज

‘भूकंपामुळे सोनं तयार होतं’ ही बातमी २०२४ मध्ये खूप फिरली. तयार वगैरे काही होत नाही. सोन्याचे अणू पृथ्वीच्या जन्माआधीच ताऱ्यांच्या उलथापालथीत घडले. भूकंप फार तर विखुरलेलं सोनं गोळा करतो. पण कसं, ते मात्र भन्नाट आहे!

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मोलियागुल हे गाव आहे. १८५०च्या दशकात सोन्यापायी इथे झुंबड उडाली. आज मोजकी घरं उरलीत. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसनची कुदळ झाडाच्या मुळाशी, जेमतेम ३ सेंटिमीटर खाली, कशावर तरी आपटली. डीसन आणि त्याचा भागीदार रिचर्ड ओट्स यांनी उकरून काढलेल्या त्या ढेकळात सुमारे ७२ किलो सोनं होतं. नाव पडलं ‘वेलकम स्ट्रेंजर’. जवळच्या डनॉली गावच्या बँकेत एवढा मोठा तराजूच नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे केले. त्याआधी त्याचा फोटोही कुणी काढला नाही.

जमिनीत खोलवरच्या गरम पाण्यात सोनं गंधकाशी जोडी जमवून विरघळतं. भूकंपात खडक फाटला की दाब एकदम उतरतो, जोडी तुटते आणि भेगेत गारगोटीसोबत सोनं साचतं. पण हे द्रावण अतिशय पातळ. लिटरमागे एक मिलिग्रॅम धरलं, तरी ७२ किलोंसाठी ७.२ कोटी लिटर पाणी लागेल! मग सोनं भेगभर न विखुरता एकाच जागी का साठावं?

गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, दाबली की तिच्या पृष्ठभागावर विद्युतदाब निर्माण होतो. गॅसच्या लायटरमधली ठिणगी याच तत्त्वावर पडते. २०२४ची ती बातमी ज्या प्रयोगावरून आली, त्यात ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी क्वार्ट्झचे तुकडे सोन्याच्या द्रावणात बुडवून भूकंपासारखे हलवले. पृष्ठभागावर सोन्याचे कण बसले. द्रावणातल्या सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन मिळाले, की त्यांचं क्षपण होऊन धातू सुटतो. खरी गंमत पुढे आहे. क्वार्ट्झ विद्युतरोधक, सोनं सुवाहक. त्यामुळे आधी बसलेला कणच इलेक्ट्रोड बनतो आणि पुढचं सोनं त्याच्यावरच चढतं. पैशाकडे पैसा जावा, तसं. हादरे हजारो वेळा बसले, की कणाची गाठ होते. पुढे ऊन-पावसाने खडक झिजतो, सोनं गंजत नाही, ते मातीत उघडं पडतं.

आपल्याकडे गुप्तधन दिसावं म्हणून अजूनही पायाळू माणूस शोधतात. डीसनला कुदळ पुरली.

प्रयोगात बसले ते सूक्ष्म कण. तिथून ७२ किलोंपर्यंतचा हिशेब अजून जुळायचा आहे.