आत्या एक, फायली तीन

बडोद्याला दांडिया बाजारात माझी आत्या राहते. डॉक्टरकडे जायचं असलं की ती खुंटीवरची कापडी पिशवी काढते. पिशवीत वीसेक वर्षांचे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेची पाकिटं. परवा ती आवरायला बसलो तेव्हा गंमत कळली. एका फायलीवर ती सुमन आहे, माहेरची. दुसरीवर शैलजा, हे लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव. तिसरीवर शैलाबेन, आडनाव आधी, वय दोन वर्षांनी कमी. तिघींचा मधुमेह मात्र एकच.

आत्या हसली. पण रुग्णांच्या माहितीवरून संशोधन करणाऱ्यांच्या डोक्याला ताप होतो तो इथूनच. आत्या तीनदा मोजली गेली तर कागदावर मधुमेहाचे तीन रुग्ण होतात. उलट, शैलजाला सुरू केलेलं औषध आणि पुढे सुमनच्या मूत्रपिंडाचा आलेला रिपोर्ट यांची गाठच पडली नाही, तर त्या दोहोंचा काही संबंध होता का, हे कधी तपासताच येत नाही.

दवाखान्याची फाइल इलाजापुरती असते. घाईत 'औषध तेच चालू' एवढं लिहिलं तरी भागतं. रुग्णनोंदणीत ते चालत नाही. एका आजाराचे, ठरवून घेतलेल्या भागातले सगळे रुग्ण, ठरलेल्या रकान्यांत, वर्षानुवर्षं नोंदायचे. यातला 'सगळे' हा शब्द सर्वांत महाग.

डेन्मार्कमध्ये 1968 पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे आणि दवाखान्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत तोच चालतो. गोवराच्या एमएमआर लशीने मुलांना स्वमग्नता येते अशी आवई उठली होती. तेव्हा तिथल्या संशोधकांनी 1991 ते 1998 मध्ये जन्मलेल्या 5,37,303 मुलांच्या नोंदी या क्रमांकाने जोडल्या. एकाही घराची कडी वाजवावी लागली नाही. लस घेतलेल्या मुलांत धोका वाढलेला दिसला नाही. निष्कर्ष 2002 मध्ये छापून आला.

आपल्याकडे आता आरोग्याच्या नोंदी जोडायला 14 अंकी आभा क्रमांक आहे, पण तो ऐच्छिक. आणि आत्याच्या पिशवीतले कागद त्याच्या कितीतरी आधीचे. मग नावाचा उच्चार, जन्मतारीख, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, फोन, पत्ता अशा एकेका गोष्टीला गुण देऊन दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे संगणक ठरवतो. गुण काठावर पडले की माणसाने डोळ्यांनी बघायचं. ज्या गावात 'गायकवाड' इंग्रजीत निदान तीन तऱ्हांनी लिहितात, तिथे काठावरची प्रकरणं कमी नसणार.

दुसरी गफलत भागाकाराची. बडोद्याच्या सयाजी रुग्णालयात छोटा उदेपूर, दाहोदकडचे रुग्ण येतात, मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरचेही. शहरातलेच काही जण मात्र इलाजाला रात्रीच्या गाडीने मुंबईला जातात. म्हणजे रुग्णालयातले रुग्ण मोजून त्यांना बडोद्याच्या लोकसंख्येने भागलं, तर येणारं उत्तर ना शहराचं, ना जिल्ह्याचं. म्हणून कॅन्सरच्या लोकसंख्याधारित नोंदणीत रुग्ण कुठे सापडला यापेक्षा तो किमान वर्षभर कुठे राहत होता हे विचारतात. कर्मचारी स्वतः रुग्णालयं, प्रयोगशाळा आणि मृत्यूनोंदणीची कार्यालयं पालथी घालतात.

हे खेड्यात जमेल का? सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने 1987 मध्ये ते करून दाखवलं. भारतातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न बघता माणसं गावोगाव फिरली, पारावर बसली, कोणाच्या अंगावरून जातंय, कोणाच्या गळ्यात गाठ आहे, याची चौकशी केली. पुढे बार्शीच्याच कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कुठली तपासणी उपयोगी, हा प्रश्न होता. त्यात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात 127 कॅन्सर सापडले. नेहमीच्याच सोयींवर असलेल्या, थोड्या लहान गटात 118. इथेच थांबलं असतं तर तपासणी फुकट गेली असं वाटलं असतं. पण नोंदीत कॅन्सर किती पसरला होता हेही होतं, आणि मृत्यूही. पसरलेले कॅन्सर पहिल्या गटात 39, दुसऱ्यात 82. मृत्यू 34 आणि 64. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर बरीच टीका झाली, आणि ती मला अस्थानी वाटत नाही. पण आजाराबरोबर त्याची पायरी आणि शेवटही लिहून ठेवला नसता, तर हा फरक दिसलाच नसता.

हे सगळं सांगितल्यावर आत्याने एकच विचारलं, "म्हणजे माझं दुखणं सगळ्या गल्लीला कळणार का रे?"

नाव काढून टाकतात, असं मी म्हणालो. मग जरा विचार केला. दांडिया बाजार, वय 83, मराठी, डाव्या डोळ्याचा दुर्मिळ आजार, एवढं उरलं तरी कोपऱ्यावरचा दूधवाला सांगेल ही कोण. म्हणून बाहेर द्यायच्या माहितीत 83 चं '80 च्या वर' करतात, गल्लीऐवजी शहर लिहितात, आणि एखाद्या रकान्यात फारच थोडी माणसं उरली तर तो आकडाच झाकतात. पण जेवढं झाकावं तेवढं संशोधकाला कमी दिसतं, आणि ती ओढाताण प्रत्येक नोंदणीत चालूच असते.

"मग 80 च्या वर चालेल," आत्या म्हणाली. "आणि त्या तिसऱ्या फायलीतलं वय तसंच राहू दे."