१९७१ चा वंशसंहार : ठरावात आहे, निकालात नाही

पूर्व पाकिस्तानात २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली आणि सहाच दिवसांनी, ३१ मार्चला, भारतीय संसदेने तिथली पद्धतशीर कत्तल वंशसंहाराच्या थराला गेल्याचे ठरावात नमूद केले. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी तर २८ मार्चच्या तारेचा मथळाच ‘निवडक वंशसंहार’ असा दिला होता. वॉशिंग्टनने तिकडे काणाडोळा केला. अशी राजकीय मान्यता द्यायला ना आरोपी लागतो, ना उलटतपासणी.

कायद्याची कसोटी वेगळी आहे. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारानुसार एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय गट वाटाघाटींतच वगळले गेले. त्यामुळे जिनिव्हातील ‘इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स’ या विधिज्ञांच्या संस्थेने १९७२ च्या अहवालात हिंदूंच्या हत्यांबाबत वंशसंहाराचा सकृद्दर्शनी भक्कम आधार मान्य केला. समस्त बंगाली जनतेबाबत मात्र तो हेतू सिद्ध करणे अवघड असल्याचे म्हटले.

हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोहोचले खरे, पण उलट्या बाजूने. भारताच्या ताब्यातील ९० हजारांहून अधिक युद्धकैद्यांपैकी १९५ जणांवर खटले भरण्याचा बांगलादेशचा निर्धार होता. त्यांना ढाक्याच्या हवाली करू नये, कारण असा खटला चालवण्याचा अधिकार याच करारानुसार आपला आहे, असा दावा पाकिस्तानने ११ मे १९७३ रोजी भारताविरुद्ध लावला. १९५९ मध्ये कराराला मान्यता देताना भारताने कलम ९ बाबत अट घातली होती : संबंधित सर्व पक्षांची संमती असल्याशिवाय वाद या न्यायालयात जाणार नाही. त्याच अटीवर बोट ठेवून भारताने न्यायालयाचा अधिकार नाकारला. दोन वर्षांपूर्वी ज्या संसदेने तो शब्द उच्चारला, तिच्याच सरकारने त्यावरच्या न्यायनिवाड्याला नकार द्यावा, हे विसंगत दिसते. पण पाकिस्तानचा हेतूही न्याय मिळवण्याचा नव्हता, आपली माणसे सोडवण्याचा होता. ऑगस्टमध्ये दिल्लीत तडजोड झाली आणि डिसेंबरात पाकिस्तानने दावा मागे घेतला. ९ एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात बांगलादेशने क्षमेचे पाऊल म्हणून खटलेच सोडून दिले. पाकिस्तानने, ‘काही गुन्हे घडले असतील तर’, अशा सावध भाषेत त्यांचा निषेध आणि खेद नोंदवला.

मागे उरला तो बांगलादेशचा १९७३ चा देशांतर्गत कायदा. त्याच्या व्याख्येत, आंतरराष्ट्रीय करारात नसलेला, राजकीय गटही आहे. त्याखालील न्यायाधिकरण २०१० मध्ये उभे राहिले. जानेवारी २०१३ मधील पहिल्याच निकालात वंशसंहाराचा गुन्हा सिद्ध ठरला, पण आरोपी होता लष्कराचा स्थानिक साथीदार. त्या १९५ जणांपैकी कोणावरही खटला चालला नाही. २०१७ मध्ये बांगलादेशच्या संसदेने २५ मार्च हा वंशसंहार दिन म्हणून पाळण्याचे ठरवले, तोही ठरावच.