केडन्स आणि गिअरची निवड

सायकलस्वार दर मिनिटाला पेडलचे जितके पूर्ण फेरे मारतो, त्या संख्येला केडन्स म्हणतात. हौशी स्वारांचा केडन्स साधारणपणे ६० ते ८० असतो. शर्यतीतले सायकलपटू सपाट रस्त्यावर ९० किंवा त्याहून अधिक राखतात. खर्च होणारी शक्ती पेडलवरचा जोर आणि केडन्स यांच्या गुणाकारावर ठरत असल्यामुळे, वेग तोच ठेवून केडन्स कमी केला की प्रत्येक फेऱ्यातला जोर वाढून मांड्या आणि गुडघ्यांवर ताण येतो. केडन्स वाढवला तर भार हृदय व फुप्फुसांकडे सरकतो. त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, आणि शर्यतपटूंचा ९० नवशिक्यावर लादण्यात तर काहीच हशील नाही. केडन्स मोजायला यंत्र लागत नाही: उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणले की पुरे.

पाय एका लयीत फिरत राहावेत म्हणून गिअर बदलायचा असतो. पेडलजवळच्या पुढच्या दातेरी चक्राला ३४ आणि मागच्या चाकावरच्या चक्राला १७ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. चाकाचा परीघ २.१ मीटर धरल्यास सायकल ४.२ मीटर पुढे जाते आणि ८० केडन्सला ताशी सुमारे २० किलोमीटर वेग मिळतो. मागे ३२ दात्यांचे चक्र घेतले, तर त्याच लयीत वेग ताशी ११ किलोमीटरच्या आत येतो, पण चढण झेपते.

गोव्यात पणजी-रायबंदर बांधावर एकच गिअर बराच वेळ पुरतो, मात्र पावसाळ्यात समोरून वारा आला की सपाट रस्ताही चढणीसारखाच समजून हलका गिअर घ्यावा. फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरल्यावर खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतला, रस्ता सपाट असतो. बेटावरच्याच पिएदाद गावाच्या टेकडीवर तो चढणीचा होतो. केरीहून वर जाणाऱ्या चोर्ला घाटात केडन्स ६०वर आला तरी बिघडत नाही. हौशी स्वारांची नेहमीची चूक म्हणजे पाय अडखळू लागेपर्यंत थांबून मग गिअर बदलणे. तेव्हा चेनवर पूर्ण जोर असल्याने ती कुरकुरते, कधी उतरतेही. चढण लागण्याआधीच, पेडल फिरते ठेवून पण जोर क्षणभर सैल करून गिअर बदलावा.

पाव विकणाऱ्या पोदेराच्या जुन्या धाटणीच्या सायकलीला एकच गिअर असतो, त्यामुळे तिथे केडन्स रस्ताच ठरवतो. चढणीवर उभे राहून पेडल मारावे लागते, नाहीतर खाली उतरून ती ढकलत न्यावी लागते.