बॅकअप आणि जुना डाटा: एकाच हार्डडिस्कवरच्या दोन वेगळ्या गोष्टी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून डीटीपीच्या दुकानात, फोटो स्टुडिओत, झेरॉक्स सेंटरवर पीसी बदलायचा विषय निघतोच. मग जुना पीसी एक्सचेंजमध्ये जातो, नाहीतर फॉरमॅट मारून पुतण्याला दिला जातो. टेबलावर उरते ती एक्स्टर्नल हार्डडिस्क आणि तिच्यातलं 'जुना पीसी बॅकअप' नावाचं फोल्डर. पुढं नव्या पीसीचा बॅकअप घ्यायला जागा कमी पडली की हात त्याच फोल्डरकडं जातो. 'बॅकअपच आहे की, खरा डाटा पीसीत आहे,' असं म्हणत ते उडवलं जातं.

घोटाळा इथंच होतो. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, आणि पहिली शाबूत असेल तोवरच ती दुसरी. जुना पीसी घराबाहेर गेला त्या दिवशी, ज्या फाइली नव्या पीसीत आल्याच नाहीत त्यांची ती एकमेव प्रत झाली. फोल्डरचं नाव तेच राहिलं, तरी आता तो बॅकअप नाही, जुना डाटा आहे. ओळखायला एक प्रश्न पुरतो: ही हार्डडिस्क आज रात्री बंद पडली, तर ही फाइल आणखी कुठं सापडेल का? सापडणार असेल तर बॅकअप. नसेल तर तीच मूळ.

दोन्हींना वागवायची रीत अगदी उलटी. बॅकअप चालता-फिरता असतो. सॉफ्टवेअर त्यात भर घालतं आणि जुनं काढूनही टाकतं. मॅकवरचं टाइम मशीन मागच्या २४ तासांच्या दर तासाच्या प्रती, मागच्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ठेवतं. डिस्क भरली की सगळ्यात जुन्या प्रती स्वतःच पुसतं. चालू कामाला हे उत्तमच. पण नवा मॅक त्याच डिस्कला जोडून जुनाच बॅकअप पुढं चालू ठेवला, की जुना डाटाही या पुसापुशीत सापडतो. जुन्या डाट्यात भरही नको आणि आपोआप काटछाट तर नकोच. म्हणून माझं स्पष्ट मत: नव्या मशीनच्या बॅकअपला वेगळी डिस्क घ्या.

विंडोजच्या फाइल हिस्टरीत, म्हणजे विंडोजमधल्याच आपोआप बॅकअप घेणाऱ्या सोयीत, गोंधळ निराळा. तिच्या फोल्डरमध्ये एकाच लग्नपत्रिकेच्या पाच-सहा फाइली दिसतात, नावापुढं 'पत्रिका (२०१९_०४_१२ ०५_३०_११ यूटीसी)' असं शेपूट. ही वेळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं असते, म्हणजे ही प्रत सकाळी अकराची. हे सगळं तसंच नव्या पीसीत ओतू नका. नव्या पीसीवर फाइल हिस्टरी लावताना त्या ड्राइव्हवरचा आधीचा बॅकअप निवडायची सोय असते. तिथून रिस्टोर केलं की शेवटची प्रत मूळ नावानं मिळते.

खरी मेख मात्र फॉन्टची आहे, आणि मराठी डीटीपी करणाऱ्यानं इथं थांबून बघायलाच हवं. फाइल हिस्टरी डॉक्युमेंट, चित्रं, डेस्कटॉप अशा आपल्या फोल्डरांची प्रत ठेवते. विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्ट तिच्यात येत नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या कम्प्युटरांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रिका त्या फॉन्टशिवाय उघडली, तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल आहे, पण मजकूर वाचता येत नाही. तुमच्या डिस्कवर 'विंडोजइमेजबॅकअप' नावाचं फोल्डर असेल तर सुटलात, कारण त्यात अख्ख्या सी ड्राइव्हची प्रत असते. आतली व्हीएचडीएक्स फाइल (अख्खा ड्राइव्ह जिच्यात साठवलेला असतो ती) विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, जोडा, ड्राइव्हला अक्षर द्या, विंडोजमधल्या फॉन्टच्या फोल्डरमधून ते फॉन्ट कॉपी करून घ्या. जुनी सॉफ्टवेअरं मात्र अशी उचलून चालत नाहीत. ती नव्यानं टाकावी लागतात.

जुना डाटा निवडून झाला की 'जुना डाटा २०२५ पर्यंत' असं साधं फोल्डर करून त्यात ठेवा, कुठल्याही बॅकअप सॉफ्टवेअरविना उघडेल असं. मग त्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती दुकानात नको, घरी ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुराचं पाणी घराघरांत, दुकानांत शिरलं. अशा वेळी एकाच टेबलावरचा पीसी आणि डिस्क दोन्ही सोबतच जातात. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटातही डिस्क ठेवू नका. वर्षातून एकदा जोडून चार-दोन फाइली उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणजे फाइल शाबूत आहे असं नाही.

डुप्लिकेट फोटो, 'जुना पीसी' च्या आतलं आणखी एक 'जुना पीसी' हे साफ करायची घाई नको. आधी दुसरी प्रत, मग सफाई. जुन्या मशीनची इमेज, म्हणजे 'विंडोजइमेजबॅकअप' मधली अख्ख्या ड्राइव्हची प्रत, तिच्यातला डाटा आणि फॉन्ट काढून, फाइली उघडून तपासल्यावर बिनधास्त डिलीट करा. ती दुसऱ्या हार्डवेअरवर चालू होईल याचा भरवसा नाही आणि जागा मात्र तीच सगळ्यात जास्त खाते. नव्या पीसीचा बॅकअप तर जागा लागली तर आजही पुसून नव्यानं घेता येतो.