सत्तर चित्रं एका फ्लॉपीत : ‘मिस्टरी हाऊस’मागचा इतिहास

‘मिस्टरी हाऊस’ हा जुना संगणकखेळ आज कुणी खेळून पाहिला तर आधी नजरेत भरतात ती त्यातली ओबडधोबड चित्रं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा, तिरकं घर, काड्यांची माणसं. एवढ्यावरून खेळाला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं. मे 1980 मध्ये तो विक्रीला आला, तेव्हा घरच्या संगणकावरचे साहसखेळ म्हणजे निव्वळ मजकूर होता.

ही परंपरा सुरू झाली ‘कोलोसल केव्ह’पासून. विल क्राउदरने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो पीडीपी-10 या मोठ्या संगणकासाठी लिहिला, 1977 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने वाढवला. तुम्ही गुहेत कुठे आहात ते संगणक सांगणार, तुम्ही ‘गेट लॅम्प’सारखी दोन शब्दांची आज्ञा टाइप करणार. कॅलिफोर्नियातला प्रोग्रामर केन विल्यम्स याने घरच्या टर्मिनलवर (दूरच्या मोठ्या संगणकाला जोडलेल्या यंत्रावर) तो सुरू केला आणि त्याची पत्नी रॉबर्टा त्यात पार बुडाली. मग तिने स्वतःच एक कथा रचली : जुनं व्हिक्टोरियन घर, त्यात सात जण, कुठेतरी दडवलेले दागिने आणि एकामागून एक पडणारे खून. रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तीचा प्रभाव उघड आहे. केन प्रोग्राम लिहिणार होता, आणि सोबत चित्रंही द्यायची होती.

खरी अडचण जागेची. खेळ ॲपल टू या घरगुती संगणकासाठी होता. त्याच्या पडद्यावरच्या 280 बाय 192 ठिपक्यांच्या एका चित्राला 8 किलोबाइट लागत. सत्तर चित्रं तशीच साठवायची तर साडेपाचशे किलोबाइटच्या वर जागा हवी, आणि त्या वेळच्या फ्लॉपीवर जेमतेम 113 किलोबाइट मावत. यावर केनचा तोडगा असा की चित्र साठवायचंच नाही. ते कसं काढायचं तेवढं साठवायचं. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, मग पुढची रेघ. रॉबर्टा आपली चित्रं व्हर्सारायटर नावाच्या फळीवर गिरवी, तिथून बिंदूंचे आकडे संगणकात जात. छाया नाही, बारकावा नाही, कारण प्रत्येक जादा रेघ फ्लॉपीवर जागा खाणार. रॉबर्टा काही चित्रकार नव्हती हेही खरंच. पण हातात कसब असतं तरी या जागेत फार काही रंगवता आलं नसतं.

चित्रांची किंमत मजकुराने चुकवली. पडद्याच्या तळाशी चार ओळीच उरल्या, त्यामुळे वर्णनं त्रोटक झाली. परीक्षणात बोट ठेवायचंच तर इथे ठेवावं. खून होत राहतात, पण माणसांची ओळख त्यांच्या धंद्यापलीकडे जात नाही : टॉम प्लंबर, बिल खाटीक, जो कबर खोदणारा.

फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकली जाई, किंमत 24.95 डॉलर. दहा हजारांवर प्रती खपल्या आणि नवराबायकोची ‘ऑन-लाइन सिस्टिम्स’ उभी राहिली. हीच पुढची ‘सिएरा ऑन-लाइन’. रंगीत ‘विझर्ड अँड द प्रिन्सेस’ त्याच वर्षी आला. 1984 च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये खेळाडू चित्रातल्या पात्राला स्वतः चालवू लागला.

कंपनीने 1987 मध्ये ‘मिस्टरी हाऊस’ सार्वजनिक मालकीचा केला, त्यामुळे आज तो एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, मोकळेपणाने खेळता येतो. एम्युलेटरचा वेग मात्र मूळ यंत्राइतकाच ठेवावा, म्हणजे दर खोलीचं चित्र रेघेरेघेने उमटताना दिसतं.