‘विदाउट टेरिटोरियल लिमिट्स’, नागा शस्त्रसंधीतल्या तीन शब्दांची पार्श्वभूमी

नागा शांतता चर्चेची बातमी आली की आपल्याकडं बहुतेक जण केंद्र सरकार आणि नागा बंडखोर गट यांच्यातल्या २०१५ च्या फ्रेमवर्क करारापासून सुरुवात करतात. दिल्लीतला तो हस्तांदोलनाचा फोटो, मग नागांना स्वतंत्र झेंडा आणि स्वतंत्र घटना हवी यावर अडलेली गाडी, हे सगळ्यांना माहितीये त्यामुळं परत सांगत बसत नाही. मला जो प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या १४ वर्षं आधीचा आहे, जून २००१ चा, आणि तो कळल्याशिवाय नागालँड तर सोडाच, आजचं मणिपूर पण नीट कळणार नाही.

मागचं थोडक्यात सांगतो. १९२९ मध्ये कोहिमाला आलेल्या सायमन कमिशनला नागा मंडळींनी निवेदन दिलं होतं की तुम्ही गेल्यावर आम्हाला आमचं आम्ही बघू द्या. पुढं जून १९४७ मध्ये आसामच्या गव्हर्नरनी कोहिमात नागा नेत्यांशी ९ कलमी समझोता केला, त्याचं शेवटचं कलम असं की १० वर्षं हा समझोता पाळला जातोय का हे बघायची खास जबाबदारी गव्हर्नरची, आणि १० वर्षं संपली की नागा कौन्सिलला विचारायचं, हेच पुढं चालू ठेवायचं का नागा लोकांच्या भवितव्याबद्दल नवा करार करायचा. आता नागांनी ते असं वाचलं की १० वर्षांनी आपण मोकळे, आणि सरकारनी असं वाचलं की भारतातच राहून फक्त व्यवस्था बदलायची. दोघांनी एकच ओळ वाचली होती. मग १४ ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा, १९५१ चा स्वातंत्र्यासाठी अंगठे उठवून घेतलेला कौल, १९५६ पासून उघड लढाई, १९५८ चा अफ्स्पा, म्हणजे लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा, हे सगळं त्या एका ओळीतून आलं असं नाही म्हणणार, पण करारात धूसर वाक्य ठेवायचं, दोघांनी आपापल्या लोकांना आपापला अर्थ सांगायचा आणि वेळ मारून न्यायची ही सवय तिथून लागली असं मला वाटतं.

१९६० चा १६ कलमी करार आणि १९६३ चं नागालँड राज्य, १९६४ ची पहिली शस्त्रसंधी, १९७५ चा शिलाँग करार, यातल्या प्रत्येकावर वेगळं लिहिता येईल. शिलाँगचं एवढंच सांगतो की ज्यांनी सह्या केल्या त्यांनी भारताची घटना स्वखुशीनं मान्य केली आणि शस्त्रं जमा करायचं कबूल केलं, पण जंगलात आणि देशाबाहेर असलेल्यांनी ते साफ नाकारलं, त्यातूनच १९८० मध्ये सीमेपलीकडं बर्मात एनएससीएन ही नवी संघटना उभी राहिली. १९८८ मध्ये तीही फुटली आणि फूट कागदावरची नव्हती, रक्तपात झाला. त्यातला एक गट बर्माच्या बाजूच्या नेत्याचा, आणि दुसरा तो ज्याच्याशी दिल्ली आजपर्यंत बोलतेय, त्याला तिकडं इसाक आणि मुइवा या नेत्यांच्या नावांवरून नुसतं ‘आयएम’ म्हणतात.

तर या आयएम गटाच्या अटी होत्या की चर्चा बिनशर्त हवी, भारताबाहेर तिसऱ्या देशात हवी आणि पंतप्रधानांच्या पातळीवर हवी. १९९५ मध्ये पॅरिसला पंतप्रधान भेटले, १९९७ च्या सुरुवातीला झुरिकला दुसरे पंतप्रधान भेटले, आणि २५ जुलै १९९७ ला शस्त्रसंधी जाहीर झाली, १ ऑगस्टपासून लागू. वर्षअखेरीला ग्राउंड रूल्स ठरले. हे ग्राउंड रूल्स लक्षात घ्या, कारण सगळी भानगड इथं आहे. सुरक्षा दलांनी गटावर कारवाई करायची नाही, गटाच्या पोरांनी नेमून दिलेल्या कॅम्पात राहायचं, गणवेशात बंदूक घेऊन गावात-बाजारात फिरायचं नाही. वाचायला सोपं आहे. पण हे कुठं लागू? म्हणजे कुठल्या जमिनीवर?

नागालँड राज्य आहे साधारण साडेसोळा हजार चौरस किलोमीटरचं. गटाच्या डोक्यातला नकाशा, ज्याला ते नागालिम म्हणतात, त्याच्या काही पट मोठा, त्यात मणिपूरचे डोंगरी जिल्हे, आसाम आणि अरुणाचलचा भाग, शिवाय म्यानमारची बाजू. आणि गटाचा सगळ्यात मोठा नेता मुइवा मुळात नागालँडचा नाहीच, तो मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यातल्या सोमदल गावचा तांगखुल नागा. त्यांच्या बाजूनं विचार केला तर मुद्दा चुकीचा पण नाही, लढाई उखरुलमध्ये होती, तामेंगलाँगमध्ये होती, अफ्स्पा तिथंही होता, मग कोहिमात बंदूक शांत आणि तिथून खाली उतरून मणिपूरच्या सीमेवरचं माओ ओलांडलं की परत गोळीबार, याला शस्त्रसंधी कसं म्हणणार?

पण इंफाळ खोऱ्यातून तीच गोष्ट पूर्ण वेगळी दिसते. मणिपूरची जवळपास ९० टक्के जमीन डोंगरात आहे आणि खोरं उरलेल्या दहातलं. खोऱ्यातल्या मैतेई माणसासाठी तो नकाशा म्हणजे आपलं राज्य सोलून मधला गर तेवढा ठेवणं. दिल्लीनं एका सशस्त्र गटाशी केलेला करार आपल्या डोंगरात लागू आहे असं एकदा कागदावर मान्य केलं, की तो डोंगर त्या गटाचा आहे असं अर्धं मान्य केल्यासारखंच, हे त्यांचं वाचन. म्हणून शस्त्रसंधी जाहीर झाल्यावर लगेच, ४ ऑगस्ट १९९७ ला इंफाळमध्ये प्रचंड मोर्चा निघाला होता. म्हणजे पुढं काय होऊ शकतं याची सूचना चार वर्षं आधीच मिळालेली होती, ती दिल्लीपर्यंत पोचली नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही.

तरी चार वर्षं निभावलं, कारण सरकार म्हणायचं फक्त नागालँडपुरती, गट म्हणायचा सगळीकडं, आणि दरवर्षी मुदतवाढ व्हायची. मग १४ जून २००१ ला बँकॉकमध्ये जो कागद झाला त्यात लिहिलं गेलं की ही शस्त्रसंधी भारत सरकार आणि संघटना या ‘दोन एन्टिटीज’मधली आहे आणि ती ‘विदाउट टेरिटोरियल लिमिट्स’ आहे. भौगोलिक मर्यादेशिवाय. जे चार वर्षं मुद्दाम मोघम ठेवलं होतं ते तीन शब्दांत एकदम उघडं पडलं, आणि ज्यांच्या जमिनीबद्दल हे लिहिलं गेलं ते तर टेबलावर नव्हतेच. मणिपूरमध्ये तेव्हा निवडून आलेलं सरकारसुद्धा नव्हतं, २ जूनपासून राष्ट्रपती राजवट होती. म्हणजे लोकांनी राग काढायचा कुणावर? आपल्याला विचारलं का नाही हे विचारायला मुख्यमंत्री पण नाही.

१८ जूनला इंफाळचे रस्ते भरले. जमाव विधानसभेवर गेला आणि विधानसभा पेटवली, राजकीय पक्षांची ऑफिसं जाळली, पुढाऱ्यांची घरं जाळली. सुरक्षा दलांनी गोळ्या चालवल्या. १८ माणसं गेली. कर्फ्यू लागला, खोऱ्यात राहणारी कितीतरी नागा कुटुंबं घाबरून डोंगराकडं निघून गेली, जी वर्षानुवर्षं इंफाळात नोकरी-धंदा करत होती, ज्यांची पोरं तिथल्या शाळेत होती. आजही दरवर्षी १८ जूनला इंफाळमध्ये केक्रुपातला त्या १८ जणांच्या स्मारकापाशी लोक जमतात आणि फुलं वाहतात.

२७ जुलैला दिल्लीनं ते तीन शब्द मागं घेतले. म्हणजे महिना-दीड महिन्यात. आता डोंगरात उलटी प्रतिक्रिया, की बघा, सही केलेला शब्द जाळपोळ झाल्यावर मागं घेतात, मग यांच्या पुढच्या सहीला अर्थ काय. आणि हा प्रश्न माझ्या मते रास्त आहे. ते शब्द लिहिणं चूक का काढणं चूक यावर आजही भांडण चालतं, पण मला विचाराल तर खरी चूक त्या दोन्हीच्या आधीची आहे. शेजारच्या राज्यांना, तिथल्या लोकांना विश्वासात न घेता त्यांच्या जमिनीबद्दल करार केला हे मूळ. आणि एक बारीक गोष्ट, ‘दोन एन्टिटीज’ हे शब्द मात्र तसेच राहिले, त्यावर इंफाळमध्ये तेवढं कुणी रागावलं नव्हतं, ते शब्द पुढं १४ वर्षांनी परत भेटतात.

इथं एक तुलना करून बघा. २००८ मध्ये मणिपूरच्याच डोंगरातल्या कुकी सशस्त्र गटांशी जो करार झाला त्याला शस्त्रसंधी म्हणतच नाहीत, ‘सस्पेन्शन ऑफ ऑपरेशन्स’ म्हणतात, तिकडं सगळे नुसतं ‘एसओओ’ म्हणतात. त्यात मणिपूर राज्य सरकारची पण सही होती, तिघांचा करार. नागा शस्त्रसंधीत मणिपूर कुठंच नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं, बंदुका थांबल्या एवढंच, पण कोण कुणाशी बोललं आणि कुणाला बाजूला ठेवलं याचा फरक तिथल्या माणसाला रोज जाणवतो.

शब्द काढले तरी जमिनीवरची परिस्थिती बदलली नाही. जानेवारी २००९ मध्ये उखरुलजवळ शिरुईला, म्हणजे ती प्रसिद्ध शिरुई लिली फुलते त्याच गावापाशी, गटाचा कॅम्प होता आणि त्याला निमलष्करी दलानं वेढा घातला. कागदानुसार मणिपुरात शस्त्रसंधी नाही म्हणून कॅम्प बेकायदा, आणि गट म्हणतो आमची चर्चा तुमच्या पंतप्रधानांशी चाललीये. कित्येक दिवस दोन्हीकडं बंदुका रोखलेल्या आणि मधे गावातले लोक. शेवटी गटाची माणसं कॅम्प सोडून गेली आणि गोळी सुटली नाही हे नशीब.

पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, मुइवाला आपल्या गावी सोमदलला जायचं होतं. मणिपूर सरकारनं येऊ दिलं नाही. ६ मे ला माओ गेटवर गोळीबारात दोन विद्यार्थी गेले. आधीपासून चालू असलेली हायवेची नाकेबंदी मग आणखी ताणली, दोन महिन्यांच्या वर चालली, इंफाळात पेट्रोल ब्लॅकमध्ये शंभरीपार, गॅस सिलिंडर मिळेना, हॉस्पिटलात औषधं कमी पडायला लागली. एका म्हाताऱ्या माणसाचं गावी जाणं आणि त्यासाठी लाखो लोकांचा स्वयंपाक अडणं, याचं मूळ पण ‘कुठं लागू’ याच न सुटलेल्या प्रश्नात आहे.

नागालँडमध्ये काय चाललं होतं ते पण बघायला हवं, कारण शस्त्रसंधी म्हणजे शांतता असं तिथला दुकानदार मानत नाही. गोळीबार थांबला हे खरं, त्याची किंमत कमी लेखू नये, एक अख्खी पिढी रात्री निवांत झोपली. पण कॅम्पात बसलेल्या गटांना खर्च लागतो, तो ‘टॅक्स’ म्हणून गोळा होतो, आणि गट फुटत गेले तसे टॅक्स वाढत गेले, दिमापूरच्या एकाच दुकानात एकाच वर्षाच्या चार गटांच्या पावत्या. ३१ ऑक्टोबर २०१३ ला दिमापूरला हजारो लोक रस्त्यावर आले, एक सरकार एक टॅक्स म्हणत, उघडपणे, तोंड न झाकता. ज्या गावात असं बोललं तर काय होऊ शकतं हे सगळ्यांना माहीत होतं तिथं हे झालं, ते मला कुठल्याही करारापेक्षा मोठं वाटतं.

मग ३ ऑगस्ट २०१५, तो फ्रेमवर्क करार. मजकूर पाच वर्षं गुप्त ठेवला, ऑगस्ट २०२० मध्ये गटानंच तो जाहीर केला. त्यात काय निघालं? ‘दोन एन्टिटीज’ परत. सार्वभौम अधिकार वाटून घेण्याची भाषा. आणि दोघांच्या सहअस्तित्वाचं ‘नवं’ नातं, तर गटाचा आरोप असा की सरकारच्या बाजूनं वाटाघाटी करणाऱ्यानं ज्या प्रती इतरांना वाटल्या त्यातून हा ‘नवं’ शब्दच काढला होता. एका विशेषणावरून सगळी चर्चा बिघडली. २०१७ मध्ये दुसऱ्या नागा गटांशी वेगळा समझोता झालेला होताच, म्हणजे आता कागद दोन. २०१९ मध्ये काश्मीरचं ३७० गेल्यावर तर झेंडा आणि घटनेचा विषय आणखीच अडला.

त्यानंतरचं तुमच्यासमोरच आहे. डिसेंबर २०२१ ला मोन जिल्ह्यात ओटिंगला खाणीवरून घरी निघालेल्या मजुरांच्या पिकअपवर लष्कराच्या तुकडीनं अतिरेकी समजून गोळ्या झाडल्या, शस्त्रसंधीला २४ वर्षं झाल्यानंतर. २०२४ मध्ये पूर्व नागालँडच्या सहा जिल्ह्यांनी लोकसभेचं मतदानच केलं नाही, त्यांची मागणी अजून वेगळी, आम्हाला कोहिमापासूनच वेगळं करा. त्याच वर्षी म्यानमार सीमेवर मोकळी ये-जा बंद करून कुंपण घालायचं सरकारनं जाहीर केलं. मोनमधल्या लोंगवा गावात आंघचं, म्हणजे तिथल्या राजाचं, घरच सीमारेषेवर आहे, अर्धं इकडं अर्धं तिकडं, आणि त्याला मानणारी गावं दोन्ही देशात. तिथं कुंपण कुठून नेणार हे विचारलं की नागालिमवाल्यांशी अजिबात न पटणारी माणसं पण गप्प होतात.

आणि सोमदल. ऑक्टोबर २०२५ मध्ये, पन्नासहून जास्त वर्षांनी, मुइवा अखेर आपल्या गावी जाऊन आला, वय नव्वदीच्या पुढं. माओ गेटच्या रस्त्यानं नाही, हेलिकॉप्टरनं उखरुलला. या वेळी कुणी अडवलं नाही, मणिपुरात तेव्हा परत राष्ट्रपती राजवट होती. शस्त्रसंधी २००७ पासून बेमुदत आहे, तिला मुदतवाढ लागत नाही. कागदावर ती अजून फक्त नागालँडपुरतीच आहे.