गोकाकची पायरी, लाहौलचा बर्फ

गोकाकच्या धबधब्याला ‘छोटा नायगरा’ म्हणायची आपल्याकडे जुनी चाल आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या शाळांच्या सहली तिथं गेल्या की गुरुजी हे हमखास सांगणार. आकारापुरतं ते खोटंही नाही. गोकाकला घटप्रभा नदी साधारण ५२ मीटर खाली उडी घेते आणि नायगराचा मोठा धबधबाही पन्नास मीटरच्या थोडा वर आहे. दोन्हींचा कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला. पाण्याच्या मापात मात्र तुलनाच नको. नायगरा बारा महिने वाहतो. आमच्या गोकाकला मे महिन्यात गेलं तर कोरडा कातळ आणि त्यावर ऊन खाणारी माकडं दिसायची.

खरी गंमत दोघांच्या कुळीत आहे. नायगरा हे बर्फाचं अपत्य. उत्तर अमेरिकेवर पसरलेली हिमचादर वितळून मागं हटली आणि साधारण बारा हजार वर्षांपूर्वी हा धबधबा सुरू झाला. गोकाकच्या कातळाचा आणि त्या हिमयुगाचा काडीचा संबंध नाही. म्हणजे दिसायला सख्खे भाऊ, पण घराणी वेगळी. हे डोळ्यांनी बघायचं तर एक बर्फातला धबधबा आणि एक आपल्याकडचा, असे दोन्ही एकाच वर्षात बघावेत. आम्ही तेच केलं. जूनअखेरीस मित्राबरोबर मनालीहून हिमाचल प्रदेशातल्या लाहौलला गेलो आणि ऑगस्टमध्ये त्याच्याच गाडीतून अंकलगीमार्गे गोकाकला.

आधी घरचा धबधबा.

गोकाक हा पावसाचा मुलूख नव्हे. वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. आजूबाजूला बाभळी, खुरटी झुडपं, उघडे डोंगर. एवढ्या कोरड्या जागी एवढं पाणी येतं कुठून? ते येतं चंदगड आणि आजऱ्याकडून. घटप्रभेचा उगम सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. तिथून हाकेच्या अंतरावरच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिकडचं पाणी हिडकलच्या धरणात साठतं, धरण भरलं की सोडतात, आणि मग गोकाकला गर्दी होते. गोकाकमध्ये लख्ख ऊन असताना धबधबा दुथडी भरून कोसळत असतो तो यामुळं. त्यामुळं धबधबा बघायला जायचं तर गोकाकचा हवामान अंदाज पाहून उपयोग नाही, हिडकलची पातळी पाहावी.

आता ती पायरी, म्हणजे जिच्यावरून नदी उडी घेते तो कडा. बेळगाव शहराच्या पश्चिमेला आणि उत्तरेला लाव्हाचा काळा दगड आणि त्यावर जांभा. पूर्वेला जाताना तो संपतो आणि खालचा कितीतरी जुना खडक वर येतो. याला भूशास्त्रात कलादगी समूह म्हणतात. समुद्राच्या उथळ काठावर वाळू साचली, दबली आणि कालांतरानं इतकी घट्ट झाली की हातोडा मारला तर वाळूचे कण सुटण्याऐवजी कणच फुटतात. हा क्वार्टझाइट. त्याचं वय शंभर कोटी वर्षांच्या पलीकडचं आहे. मासे, झाडं, सरपटणारे प्राणी यांतलं काहीही पृथ्वीवर नव्हतं तेव्हाची ती वाळू. या खडकांत ठिकठिकाणी उथळ पाण्यातल्या लाटांनी उमटवलेल्या वळ्या अजून तशाच दिसतात.

गोकाकला कड्याच्या बाजूला उभं राहून नीट पाहिलं की दोन गोष्टी लक्षात येतात. थर जवळजवळ आडवे आहेत, आणि त्यांना उभ्या भेगा गेल्या आहेत. म्हणजे कातळ मुळातच चौकोनी ठोकळ्यांत विभागलेला. पाणी इतका घट्ट दगड झिजवतं ते फार सावकाश. त्याचं खरं काम भेगांत चालतं. कोसळणारं पाणी तळाशी डोह खणतं, पायथ्याचे कच्चे थर पोखरतं, वरच्या ठोकळ्याचा आधार जातो आणि एका पुरात तो निखळून खाली येतो. मग कडा एका ठोकळ्याएवढा मागं सरकतो. धबधब्याच्या खाली नदी ज्या अरुंद घळीतून जाते, ती घळ म्हणजे या माघारीची वाट. मधल्या भागात पाणी जास्त असल्यानं तिथं कडा जास्त मागं जातो, बाजूला कमी. नालाचा आकार त्यातूनच येतो. नायगरा याच रीतीनं जन्मापासून जवळपास अकरा किलोमीटर मागं आला आहे. अलीकडं वीजनिर्मितीसाठी तिथलं बरंचसं पाणी वळवतात, त्यामुळं त्याची माघार खूप मंदावली. गोकाकलाही १८८७ पासून पडत्या पाण्याच्या जोरावर सूतगिरणी चालू लागली, वर बंधारे झाले, कालवे निघाले. नदीच्या हातातली छिन्नी आपण वर्षातले बरेच महिने काढून घेतलेली आहे.

जवळच गोडचिनमलकीला मार्कंडेय नदी अशीच दोन टप्प्यांत उतरते. काकतीवरून जाते तीच मार्कंडेय. खडक त्याच घराण्यातला, त्यामुळं गोष्टही तीच, फक्त गर्दी कमी.

खानापूर तालुक्यातले धबधबे मात्र या हिशेबात बसत नाहीत. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वळून कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथून जवळच्याच रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला जाते आणि गोव्यातून अरबी समुद्र गाठते. (या पाण्यावरून दोन राज्यांत काय चाललंय ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.) मलप्रभेला समुद्र गाठायला शेकडो कोस आहेत, म्हणून ती रमतगमत जाते. म्हादईला तेवढीच उंची थोडक्यात उतरायची आहे. वज्रपोहा, दूधसागर हे त्या उताराचे धबधबे. इथली पायरी एखाद्या नदीनं केलेली नाही, ती आख्ख्या पठाराची कड आहे. भारत आधी मादागास्करपासून आणि मग सेशेल्सपासून तुटला, पश्चिमेची कड उघडी पडली आणि तेव्हापासून पश्चिमवाहिनी नद्या ती कड कुरतडत पूर्वेकडं सरकवत आहेत. कॅसलरॉकवरून गोव्याला जाणारी गाडी बोगद्यांमागून बोगदे पार करत उतरते, तेव्हा ती ही कडच उतरत असते. दूधसागर ३१० मीटरचा आहे. गोकाकची सहापट उंची, कारण आख्खं पठार उतरायचंय.

लाहौलला गेल्यावर तिसराच प्रकार समोर आला.

मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडं निघालं की हिरवीगार दरी एकदम संपते. बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, नऊ किलोमीटरचा आहे. पुढं चंद्रा नदीचं रुंद खोरं. सिस्सूजवळ कड्यावरून एक पांढरा पट्टा खाली येताना दिसतो. त्याच्या वर कुठंतरी दरी असणार हे कळतं, पण त्या दरीचं तळ मुख्य खोऱ्याच्या तळापेक्षा शेकडो मीटर उंचावर का राहिलं हे कळत नाही. आपल्याकडं ओढा नदीला मिळतो तो नदीच्या पातळीला येऊन मिळतो. उंचावरून उडी मारून मिळणारा ओढा म्हणजे काहीतरी मधे घडलं असलं पाहिजे.

घडलं ते बर्फामुळं. मुख्य खोऱ्यात एकेकाळी जाडजूड हिमनदी होती, बाजूच्या खोऱ्यात बारीक. दोघींचे वरचे पृष्ठभाग एकमेकींना नीट मिळत होते, पण तळ वेगळे. जाड हिमनदीनं खाली खूप खोल खणलं, बारकीनं थोडंच. बर्फ गेला तेव्हा बाजूची दरी वरच लटकलेली राहिली. भूगोलाच्या पुस्तकात तिला लोंबती दरी म्हणतात. त्यातून आज जे पाणी पडतं त्यानं ती पायरी कापलेली नाही. त्याला ती वारशानं मिळाली आहे.

बर्फासारखी ठिसूळ वस्तू डोंगर कशी खणते? पडलेलं ताजं हिम बहुतांशी हवाच असतं. वर्षानुवर्षं त्यावर नवे थर पडले की हवा पिळून निघते, कण एकमेकांत जुळतात आणि घट्ट निळसर बर्फ होतो. त्याची जाडी तीस-चाळीस मीटरच्या वर गेली की स्वतःच्याच वजनानं खालचा बर्फ न मोडता आकार बदलू लागतो आणि उताराकडं सरकतो. तळाशी वितळलेल्या पाण्याचा पातळ थर असेल तर तो घसरतोही. पण नुसता बर्फ दगडाला ओरखडा काढू शकत नाही. ते काम त्याच्या तळाशी गोठून बसलेले दगड करतात. ते खालच्या कातळावरून दाबून ओढले जातात आणि समांतर रेघा ओढत जातात.

एका हिमनदीच्या तोंडाशी आम्ही पोचलो तेव्हा मित्राचा पार हिरमोड झाला. कॅलेंडरवरचा पांढराशुभ्र बर्फ कुठंच नव्हता. करड्या दगडांचे ढीग, धूळ, मधूनच ओघळणारं गढूळ पाणी. “काय गा हे, आमच्या खडी मशीनवर आल्यागत वाटालंय की!” तो म्हणाला. त्याला मी एक दगड बाजूला करायला सांगितला. खाली बोटभर चिखल, आणि चिखलाखाली काळपट, ओला, कडक बर्फ. आपण उभे होतो तो ढीग म्हणजेच हिमनदी होती.

हे दगडांचं पांघरूण फार महत्त्वाचं असतं. स्वच्छ ताजं हिम ऐंशी टक्क्यांच्या वर ऊन परत फेकतं. त्यावर धुळीचा पातळ थर बसला की ऊन शोषलं जातं आणि बर्फ झपाट्यानं वितळतो. पण तोच थर काही सेंटिमीटरच्या वर गेला की उलट होतं. ऊन वरच्या दगडांतच अडतं आणि खालचा बर्फ टिकतो. म्हणून दगडांनी झाकलेली हिमनदी मागं न हटता जागच्या जागी रोडावू शकते. नुसतं तोंड किती सरकलं हे मोजून तिची तब्येत कळत नाही. लाहौलमधल्या छोटा शिगडी हिमनदीवर २००२ पासून शास्त्रज्ञ बर्फात बांबू रोवून दरवर्षी तो किती उघडा पडला हे मोजतात. वर किती हिम साठलं, खाली किती गेलं, असा जमाखर्च मांडतात. बहुतेक वर्षी खर्चच जास्त निघतो. आख्ख्या हिमालयाचा हिशेब जुन्या हेरगिरी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून काढला गेला, त्यात १९७५ ते २००० या काळाच्या मानानं २००० नंतर बर्फ दुपटीनं कमी होतो आहे असं दिसलं.

चंद्रेच्या पाण्याचा रंग गोकाकच्या पाण्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. घटप्रभेचा पूर तांबूस. सह्याद्रीच्या उबदार, ओल्या हवेत दगड रासायनिक रीतीनं कुजतो, त्यातलं लोखंड गंजतं आणि तीच तांबडी माती वाहून येते. लाहौलच्या थंड, कोरड्या हवेत दगड कुजायला सवड नसते. हिमनदी त्याला नुसतं दळते. ते पीठ इतकं बारीक असतं की पाण्यात तरंगत राहतं, म्हणून चंद्रा सिमेंटच्या पाण्यासारखी करडी. रंग पाहून वरच्या डोंगरात काय चाललंय ते कळतं.

वेळापत्रकही निराळं. आपल्या नद्यांना ऋतू असतात, तिकडच्या नाल्यांना दिवस असतो. छत्रूच्या पुढं काझाच्या कच्च्या रस्त्यावर नाले रस्त्यावरूनच वाहतात. पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर गाडीच्या दाराला लागतं. आकाशात ढगाचा ठिपका नसताना. ऊन चढलं की बर्फ वितळतो, पाणी हिमनदीच्या पोटातल्या बोगद्यांतून वाट काढत खाली येतं, त्यामुळं पूर उन्हाच्या मागून काही तासांनी पोचतो. ढाब्यावरचा ड्रायव्हर आम्हाला सारखा बजावत होता, “बारह बजे से पहले निकल जाओ.” चंदगडचा शेतकरी ढगाकडं बघतो, हा उन्हाकडं. दोघंही नदीचाच अंदाज बांधत असतात.

परतीच्या वाटेवर मित्राचा प्रश्न होता, आपल्याकडं कधीच बर्फ नव्हता का? बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. छोटा शिगडीवर हिम टिकायला पाच हजार मीटरची उंची लागते, आणि आपण तर विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ. गेल्या हिमयुगातही सह्याद्रीवर हिमनदी होण्यासारखी उंची नव्हती.

पण त्याच्याही फार मागं, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवन खंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता. ओडिशातल्या तालचेरजवळ १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधूंना मातीत रुतलेल्या लहानमोठ्या धोंड्यांचा विचित्र थर सापडला आणि त्यांनी तो बर्फाशी जोडला. उष्ण कटिबंधातल्या देशात बर्फ म्हटल्यावर शंका निघाल्याच. १८७५ मध्ये फेडन या भूशास्त्रज्ञानं आपल्या महाराष्ट्रातच, चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरईजवळ, चुनखडीच्या गुळगुळीत कातळावर समांतर रेघा नोंदवल्या. लाहौलमध्ये हिमनदीखाली आज ओढल्या जातात तशाच. तीस कोटी वर्षांपूर्वीची हिमनदी तिथून गेली होती, आणि तेव्हाही गोकाकचा क्वार्टझाइट म्हातारा होता.

मित्रानं आता इरईचा बेत धरलाय. कातळ नदीकाठी आहे, तेव्हा जायचं तर पाणी उतरल्यावर. मे महिन्यात चंद्रपूर म्हटल्यावर घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढलंय, म्हणून सध्या फेब्रुवारीवर तडजोड चालू आहे.